भुऱ्या आणि अण्णांचं पान

आमच्या घरी पंधरा महिने एक पांढरा कावळा होता, असं सांगितलं की ऐकणारे आधी हसतात आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून गप्प होतात. माझ्या मुलानं लहानपणी ही गोष्ट शाळेत सांगितली आणि खोटं बोलतो म्हणून वर्गाबाहेर उभा राहिला. पुरावा म्हणून माझ्याकडे एका वर्तमानपत्राचं कात्रण आहे, पण त्या छपाईत भुऱ्या चक्क कबुतर दिसतो आणि त्याला धरून उभी असलेली माझी आई त्याहून पुसट. आई जाऊन आता चार वर्षं होतील. ती असताना हे लिहायचं मला धाडस झालं नाही, आणि ती गेल्यावर लिहून कुणाचं भलं होणार आहे, तेही मला सांगता येत नाही. पण मी आता झिरकपूरला नवव्या मजल्यावर राहते, इथं खिडकीच्या पातळीला कावळे उडतात, आणि त्यांतला एखादा कठड्यावर बसून माझ्याकडे मान वाकडी करून बघायला लागला की माझं कामात लक्ष लागत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आम्ही तेव्हा चंदीगढला, सेक्टर पंधरामध्ये, एका कोठीच्या म्हणजे बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. बाबा वैद्यकीय संस्थेत रक्ताच्या प्रयोगशाळेत होते. 'दोन वर्षं बघू, नाही जमलं तर परत येऊ' असं म्हणून ते मिरजेहून इकडे आले होते, आणि ती दोन वर्षं संपायचं नाव घेत नव्हती. खाली आमच्या घरमालकीण बीजी राहायच्या. मुलगा कॅनडात, नवरा भिंतीवर हार घातलेल्या फोटोत, आणि त्या एकट्या, दिवसभर घराचं दार उघडं टाकून बसलेल्या. पहाटे बीजींच्या रेडिओवरची गुरबानी जिन्यातून वर यायची, मग आईच्या पोळपाटाचा आवाज, मग बाबांच्या स्कूटरच्या दहा-बारा किका. स्कूटर सुरू झाली की आई 'गेले बाई' म्हणायची आणि माझ्या खोलीवर धडक मारायची. ती माझ्याशी मराठीत बोलायची, तेही तिच्या गावच्या, आणि मी उलट उत्तर हिंदीत द्यायचे. याचं तिला वाईट वाटत असणार हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, समजतंय ना, मग झालं.

दहावीची परीक्षा होऊन मी घरी लोळत पडले होते, तेव्हाची गोष्ट. जूनमध्ये एका संध्याकाळी आंधी आली. चंदीगढची आंधी म्हणजे आधी आकाश पिवळं होतं, मग सगळ्या सेक्टरची दारं एकदम आपटतात आणि मग तोंडात माती. ती ओसरल्यावर बाबा स्कूटर पुसायला खाली गेले, आणि मागच्या गल्लीतल्या जांभळाखाली पाच-सहा कावळे कशावर तरी तुटून पडलेले त्यांना दिसले. त्यांना वाटलं उंदीर असेल. जवळ गेले तर डोळे नुकते उघडलेलं एक पिल्लू, गुलाबी चोचीचं आणि अंगावर पांढऱ्या काड्या फुटलेलं. बाबांनी हेल्मेट त्याच्यावर उपडं घातलं आणि मला हाक मारली. ओरडा ऐकून बीजी बाहेर आल्या, हेल्मेटखाली वाकून बघितलं आणि कानांवर हात ठेवले. "वाहेगुरू! एह ते चिट्टा कां ए!" त्यांनी उभ्या जन्मात पांढरा कावळा बघितला नव्हता. बाबांनीही नव्हता, पण त्यांना प्रयोगशाळेमुळे एवढं माहीत होतं की माणसांत जसे कोडाशिवाय जन्मापासून पांढरे असतात तसे पक्ष्यांतही असतात, लाखात एखादा. आईला हे काही सांगायची गरज पडली नाही. तिनं पिल्लाचं उघडलेलं लालभडक तोंड बघितलं आणि दुधात पोळी भिजवायला घेतली.

त्याला वाढवणं म्हणजे काय होतं ते मला विचारा. पहाट झाल्यापासून अंधार पडेपर्यंत दर तासाला खायला. भिजवलेली पोळी, उकडलेल्या अंड्याचं पिवळं, कधी बीजींनी पाठवलेलं पनीर. बाबांनी प्रयोगशाळेतून एक जुना चिमटा आणला होता, त्यानं घास धरायचा आणि अगदी घशात सोडायचा. पंधरा दिवसांत तो बुटांच्या खोक्यात मावेना, तेव्हा बाबांनी गच्चीवर गंजत पडलेला आमचा जुना कूलर खाली आणला, त्याचा पंखा, पंप काढून टाकला, तिन्ही बाजूंच्या गवताच्या पट्ट्या काढून तिथं जाळी ठोकली आणि आत आडवी काठी बसवली. तो झाला त्याचा पिंजरा. पिसं आली तेव्हा कळलं की तो बर्फासारखा पांढरा नाही, दुधात चिमूटभर हळद पडावी तसा आहे. पाय गुलाबी, डोळे तांबूस, उन्हात सारखे मिटणारे. पिसांच्या कडा झिजायच्या, जुन्या केरसुणीसारख्या, त्यामुळे त्याला धड उडता कधी आलंच नाही. टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून आईच्या खांद्यावर, एवढीच त्याची झेप. आई त्याला भुऱ्या म्हणायला लागली. मी काहीतरी इंग्रजी नाव सुचवलं होतं, आज ते आठवतसुद्धा नाही, बरंच झालं.

तो येऊन दोन महिने झाले असतील, श्रावण होता, आणि आईचे वडील गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. घरात फोन नव्हता, बीजींकडे आला. मामा म्हणाला, पहाटे गेले, दुपारी उचलायचं आहे. मिरजेला पोचायला दिल्लीवरून दोन दिवस लागायचे. आई फोन ठेवून वर आली आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसली, ती बसलीच. आदल्या दिवाळीत अण्णांनी पत्र पाठवलं होतं, एकदा येऊन जा म्हणून. माझी दहावी होती म्हणून ती गेली नव्हती. हे ती कुणाला बोलली नाही, पण घरात आम्हा तिघांनाही तेच आठवत होतं. तीन दिवस तिनं चहाशिवाय काही घेतलं नाही. बाबा समजावून थकले, बीजी परोठे घेऊन आल्या आणि तसेच घेऊन गेल्या. भुऱ्या मात्र भुकेला ओरडायचा आणि ती उठायची, त्याला भरवायची, पुन्हा जागेवर. तिसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या मांडीवर चढला. त्या वयात कावळ्यांना खाणं लपवून ठेवायची सवय लागते. तो पोळीचे तुकडे आईच्या अंबाड्यात, निऱ्यांत, कुठंही कोंबायचा. त्या दिवशी त्यानं चोचीतला तुकडा तिच्या तळहातावर ठेवला, चोचीनं दाबून दाबून बसवला आणि वर बघत उभा राहिला. आई बराच वेळ हाताकडे बघत होती. मग तिनं तो तुकडा तोंडात घातला. मी दारात उभी होते, तिनं मला बघितलं नाही. त्या रात्री ती जेवली.

दहाव्याला मामानं गावाहून पुन्हा फोन केला. मामा भोळा माणूस, मनात काही ठेवायचं हे त्याला माहीत नाही. तो म्हणाला, कावळा शिवला नाही. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांना सांगते: दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवतात आणि कावळ्यानं येऊन त्याला चोच लावायची वाट बघतात. शिवला म्हणजे गेलेलं माणूस तृप्त झालं. नाही शिवला तर त्याचं मन कशात तरी अडकलं आहे, मग घरचे एकेक पुढे होऊन हात जोडून सांगतात, अमुक करू, तमुक सांभाळू. मामानं सगळं कबूल केलं, मामीनं केलं, दोन तास गेले. कुणीतरी म्हातारा म्हणाला, लेकीत अडकलंय काहीतरी. शेवटी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून विधी उरकला. मामानं हे सगळं जसंच्या तसं आईला सांगितलं. मी त्याला आजही दोष देत नाही, पण एखादी गोष्ट न सांगण्यातही माया असते.

त्यानंतर भुऱ्या आईचाच झाला. सकाळी बाबांची स्कूटर गेली की पिंजऱ्याचं दार उघडायचं, मग तो तिच्यामागून या खोलीतून त्या खोलीत, फरशीवर पाय आपटत चालायचा. ती भाजी चिरताना त्याच्याशी बोलायची, आणि तो घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा आवाज काढून उत्तर द्यायचा. "ये रे बाळा" म्हटलं की जिथं असेल तिथून यायचा. घरात तिला दुसरं कोण होतं? बाबा कामावर, मी माझ्या तोऱ्यात. लोक त्याला बघायला यायचे. पंचकुल्याहून एक गृहस्थ कोर्टाच्या तारखेला जाण्याआधी दर्शन घ्यायला आले आणि केस हरल्यावर पुन्हा भांडायला आले. विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे एक सर आले, त्यांनी भुऱ्याचा पंख उलगडून नीट बघितला आणि निघताना बाबांना म्हणाले, "इसे बाहर कभी मत छोड़िएगा. इसके अपने ही इसे नहीं छोड़ेंगे." आईला हे पटलं नाही. सर गेल्यावर ती म्हणाली, "शिकल्याली माणसं कायबी बोलत्यात. जातीचं पाखरू जातीला मारतंय होय? त्या दिवशी वादळात भेदरली हुती ती." बाबा म्हणाले, "सर म्हणतात ते खरं असणार." पण बाबांनीही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. जांभळाखालचे कावळे त्यांनी बघितले होते, पण पडलेल्या पिल्लाला कावळे टोचतातच, पांढरं काय आणि काळं काय.

ते ज्यानं डोळ्यांनी बघितलं होतं असं घरात एकच माणूस होतं, ती मी.

जानेवारीतली गोष्ट आहे. धुकं बारा-एकला उठायचं आणि मग जेमतेम दोन तास ऊन. तेवढ्यात पिंजरा मागच्या बाल्कनीत सरकवायचा, आणि आई दुपारची आडवी व्हायची म्हणून मी पुस्तक घेऊन तिथं राखणीला बसायचं, असा नेम होता. त्या हिवाळ्यात बीजींकडे केबल आली होती. त्यांनी मुलाच्या पैशानं मोठा रंगीत टीव्ही घेतला होता, आणि दोन वाजता एक मालिका लागायची जिच्यात सगळ्या बायका घरातसुद्धा उंच टाचांच्या चपला घालून फिरायच्या. मी त्या चपलांसाठी रोज अर्धा तास खाली जायला लागले. एक दिवस वर आले तर जाळीवर दोन कावळे लटकलेले. भुऱ्या आपण होऊन जाळीजवळ गेला असावा, कारण त्याचा पाय बाहेर आला होता आणि त्यांतल्या एकानं तो चोचीत धरून ओढून ठेवला होता. मी चप्पल फेकली. कावळे उडाले तेव्हा भुऱ्याच्या उजव्या पायाचं एक बोट नव्हतं. मी जाळीवरचं रक्त पुसलं, फडकं धुऊन टाकलं, आणि आई उठल्यावर तिला सांगितलं की तारेत अडकून तुटलं. बाबा संध्याकाळी आले आणि कपडे न बदलता पक्कड घेऊन बसले. पिंजऱ्याच्या तारांचं एकेक टोक आत वळवत ते अंधार पडेपर्यंत बसले होते, स्वतःला बोल लावत, की माझ्याच कामात कसर राहिली. मी त्यांना चहा नेऊन दिला. तेव्हासुद्धा बोलता आलं असतं.

वर्षश्राद्ध मामानं केलं. पुढं भाद्रपदात पितृपक्ष आला, अण्णांची तिथी आली, आणि आईनं जाहीर केलं की मी पान ठेवणार. बाबा म्हणाले, "तुझा भाऊ करतोय ना तिकडं. लेकीनं करायचं नसतं." आई म्हणाली, "श्राद्ध न्हाई करत. बापाला जेवायला वाढाय कुणाची परवानगी लागती?" तिनं चार दिवस आधीपासून तयारी केली. अळूची पानं इथं कुणी खात नाही. बीजी अरबी, म्हणजे अळूचे कांदे, खणून पानं फेकून द्यायच्या, ती आईनं मागून आणली. आमसुलं गावाहून आलेली होती. उडदाचे वडे, तांदळाची खीर, गवार, भोपळा, कढी, भात. केळीचं पान मिळालं नाही, तर बाजारातून पत्तल, म्हणजे पत्रावळ, आणली. त्या दिवशी अंघोळ करून, ओल्या केसांनी ती गच्चीवर गेली, पत्तल कठड्याजवळ मांडली, पाण्याचा हात फिरवला आणि 'काव काव' करून हाक घातली. घरात कुणीही जेवायचं नव्हतं, कावळा पानाला शिवेपर्यंत.

आता श्राद्धाच्या दिवसांत चंदीगढच्या कावळ्यांची काय मिजास असते ते ऐका. प्रत्येक कोठीच्या गच्चीवर त्यांच्यासाठी पुरी आणि खीर ठेवलेली असते. पंजाबी घरांत ठेवून लोक मोकळे होतात, तो खाईल न खाईल, बघत कुणी बसत नाही. बीजी वर येऊन म्हणाल्यासुद्धा, "रख दित्ता ना? बस. हुण तू रोटी खा, कां आपे खा लऊगा." कावळा त्याच्या मनानं खाईल, तू जेवून घे, असं त्यांचं म्हणणं. पण आई बसून राहिली. पाण्याच्या टाकीवर आठ-दहा कावळे होते, पोट भरलेले, सुस्तावलेले. पत्तलीकडे एक डोळा करून बघायचे आणि चोची टाकीला घासायचे. दहा वाजले, अकरा वाजले. आईनं हात जोडले. पुटपुटत ती काय काय बोलत होती ते मला ऐकू येत होतं. "अण्णा, यायला पायजे हुतं मी. चुकलं माझं. पोरीची परीक्षा हुती. आता दरसाल यीन." एकही कावळा हलला नाही. साडेअकरा झाले, ऊन तापलं, खिरीवर साय धरली. बाबांना तिच्याकडे बघवेना. ते म्हणाले, "असं करू, गवताचा कावळा करू आणि लावू. तिकडंही तसंच केलं होतं." त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं, पण आईचा चेहरा असा झाला की मला तो सहन होईना.

आणि मी बोलले. "घर में असली है, तो घास का क्यों? अपना भुऱ्या है ना."

आई माझ्याकडे बघायला लागली. मग त्या दिवसात पहिल्यांदाच ती हसली, भाबडी, लहान मुलीसारखी. "खरंच की गं. मला कसं सुचलं न्हाई." बाबा म्हणाले, त्याला बाहेर काढायचं नाही असं ठरलंय. मी म्हटलं, पत्तल खाली पिंजऱ्यात नेऊ. तर आई म्हणाली, "कोंडल्याल्या जिवानं शिवून चालत न्हाई. मोकळं पायजे, आपल्या मनानं यायला पायजे." टाकीवरचे कावळे बघत होते. तेव्हा आईनं मला विचारलं. माझं मनगट धरून, अगदी जवळ येऊन विचारलं. "वृंदे, तू रोज दुपारी त्याच्याजवळ बसत हुतीस. ही कावळी कधी काय करत्यात काय त्याला? खरं सांग."

त्या क्षणी मला बोट आठवलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला बोट आठवलं, जाळी आठवली, फडकं आठवलं. आणि सांगितलं तर आठ महिन्यांची चोरी उघडी पडेल, बाबा त्या तारा वळवत बसले होते ते निघेल, एवढंच माझ्या मनात आलं. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. मी म्हटलं, "कुछ नहीं करते, आई."

मी खाली गेले, भुऱ्याला ओढणीत गुंडाळलं आणि वर आणलं. बाबा केरसुणी हातात घेऊन उभे राहिले. मी त्याला पत्तलीपासून चार हातांवर खाली ठेवलं. त्यानं पंधरा महिन्यांत उघडं आकाश बघितलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले, आणि फरशी तापली होती म्हणून एक पाय वर घेतला. "ये रे बाळा," आई म्हणाली. "ये, खा." तो निघाला. पाय आपटत, तसाच, जसा स्वयंपाकघरात यायचा. पत्तलीपाशी आला, तिच्याकडे एकदा बघितलं, आणि वडा उचलला. आई ओक्साबोक्शी रडायला लागली, हात जोडून, "अण्णा, अण्णा" म्हणत. बाबांनीही डोळे पुसले. मलासुद्धा भरून आलं, आणि आपण केवढं मोठं काम केलं असं वाटलं. ते जेमतेम तेवढाच वेळ वाटलं.

वडा चोचीत धरून भुऱ्यानं मान वर केली आणि त्याला टाकीवरचे कावळे दिसले. जाळीतून त्यानं आपले जातभाई नेहमी बघितले होते, पण मध्ये काही नाही असं कधी झालं नव्हतं. त्यानं वडा टाकला आणि ओरडला. मोठा, मोकळा ओरडा. घरात तो तसा कधीच ओरडला नव्हता. एक कावळा खाली उतरला, दुसरा उतरला, मग जांभळावरून, शेजारच्या गच्चीवरून, कुठून कुठून ते आले, पंचवीस-तीस असतील. आणि तो त्यांना बघून पळाला नाही. त्यानं पंख अर्धे पसरले, थरथरवले, मान खाली केली आणि त्यांच्यासमोर तोंड उघडलं. पिल्लू असताना आमच्यासमोर उघडायचा तसं. जवळ आलेल्या प्रत्येक माणसानं त्याला भरवलंच होतं, आणि आता हे मोठं झालेलं पाखरू त्या कावळ्यांकडे घास मागत होतं. पहिल्यानं त्याच्या डोळ्यावर चोच मारली.

बाबांनी केरसुणी फिरवली, मी ओढणी, आई तर नुसत्या हातांनी त्या घोळक्यात शिरली. तिच्या मनगटावरच्या खुणा शेवटपर्यंत होत्या. आम्हाला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही, फार नसेल. बाबांनी त्याला टाकीमागून उचललं तेव्हा एक डोळा नव्हता आणि मान एका बाजूला गेली होती. आई त्याला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात त्याच फरशीवर बसली. बाबांनी कापूस आणला, औषध आणलं, आणि नुसतेच हातात धरून उभे राहिले. भुऱ्यानं एकदा चोच उघडली. आईनं बोटानं पाण्याचा थेंब सोडला, तो आत गेला की नाही कळलं नाही. एकच्या सुमाराला तो गेला. बीजी वर आल्या, आईच्या शेजारी बसल्या आणि "हाय नी, हाय नी" म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आई रडत नव्हती. मघाशी गच्चीवर रडून तिचं सगळं संपलं होतं जणू. तासाभरानं ती एवढंच बोलली, "अण्णांसाठी न्हाई आला त्यो. मी बोलावलं म्हणून आला."

मला तिनं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढं ती वीस-बावीस वर्षं जगली, त्यातही नाही. 'तू रोज बघत हुतीस न्हवं' एवढं जरी म्हणाली असती, तरी मी सगळं ओकून मोकळी झाले असते. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी दोन महिने बसले होते. रोज ठरवायचे, आज सांगू. ती माझा हात हातात घेऊन पडून असायची आणि मला वाटायचं, ही आता जाते आहे, हिला कशाला, आणि मग वाटायचं, हिला कशाला हे तर निमित्त आहे, तू भित्री आहेस. ती गेली. मी भित्रीच राहिले.

बाबांनी भुऱ्याला मागच्या अंगणात बीजींच्या लिंबाखाली पुरलं. पाचच्या सुमाराला मला आठवलं की गच्चीवर भांडी तशीच आहेत, म्हणून मी वर गेले. टाकीवर कुणी नव्हतं. पत्तल जागच्या जागी होती आणि ती चाटून पुसून स्वच्छ झालेली होती. खीर, वडे, अळू, भात, काही शिल्लक नव्हतं. एक कावळा अजून तिच्यावर उभा राहून द्रोणाच्या कडेला चोच घालत होता. मी खाली आले. आईनं विचारलं, "पान?" मी म्हटलं, खाल्लं. तिनं मान हलवली आणि शेगडीकडे वळून आम्हा तिघांसाठी भात टाकला.

सहा महिन्यांपूर्वीच आम्ही घरी स्वतःचा फोन बसवून घेतला होता. त्या दिवशी दिवेलागणीला तो वाजला. मामा होता. तो तिकडून एवढ्या मोठ्यानं बोलायचा की खोलीत सगळ्यांना ऐकू यायचं. "ताई, ठेवलंस पान? शिवला काय गं कावळा?" आई रिसीव्हर धरून उभी होती. मनगटांना बाबांनी बांधलेल्या पट्ट्या होत्या. ती म्हणाली, "शिवला." पलीकडे मामा, तो बाप्या माणूस, हमसून रडायला लागला. वर्षभर झोप नव्हती बघ ताई, म्हणाला, अण्णा सुटले, आपण सुटलो. आणि माझी आई भिंतीला टेकून, शांत आवाजात त्याची समजूत काढत होती. "रडू नगस रं. शिवला. माझ्या डोळ्यांनी बघितला मी. जेव जा आता."